शब्द कुठं तोडायचा?

वरुडकडच्या आमच्या गावात मारोतीच्या देवळाभोवती एक जण ओलेत्यानं लोटांगण घालत होता. पोट, कूस, पाठ, पुन्हा कूस. दर फेरीला अंगावरचा मातीचा थर वाढत होता. ते पाहून भाचीनं विचारलं, "मामा, लोटांगण आंगनातच घालतेत का?"

तिच्या कानानं 'लोट' आणि 'अंगण' अशी तोड केली होती. शब्दात आहे ते 'लोटणे' आणि 'अंग'. पण मला तिची चूक फार मोलाची वाटली. अशाच चुकीतून इंग्रजीला एक क्रियापद मिळालं आहे, आणि तेही जमिनीवर पडण्याचंच!

ते म्हणजे 'ग्रॉव्हल'. आज त्याचा अर्थ लाचारीनं पायाशी लोळण घेणं. मूळ मात्र साधं आहे. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात वसलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेत 'आ ग्रूफू' म्हणजे पालथं. त्यावरून मध्ययुगीन इंग्रजीत 'ग्रॉव्हलिंग' आलं. माणूस कसा पडलाय, एवढंच ते सांगायचं. धुऱ्यावर पालथ्या झोपलेल्या मजुरालाही ते चाललं असतं. लाचारी मागाहून चिकटली, जशी आपल्या 'साहेबांपुढं लोटांगण'मध्ये चिकटली.

खरी तोड होती 'ग्रॉव्ह' आणि 'लिंग' हा इंग्रजी प्रत्यय अशी. पण इंग्रजी कानाला 'इंग' रोजचा. 'इंग' काढलं की उरतं ते क्रियापदच, असं लोकांनी धरलं आणि 'ग्रॉव्हल' जन्मलं. १५९०च्या दशकात ते शेक्सपिअरच्या नाटकात दिसतं. 'एडिटर'वरून 'एडिट' असंच आलं.

याला अडाणीपणा म्हणू नये. लिहिताना आपण शब्दांत जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. आवाज सलग वाहतो आणि तोड कानालाच शोधावी लागते. १९९६मध्ये सॅफ्रन, अ‍ॅस्लिन आणि न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांची सलग माळ दोन मिनिटं ऐकवली. कोणतं अक्षर कोणामागं हमखास येतं, एवढ्यावरून बाळांनी त्यातले 'शब्द' वेगळे ओळखले. भाचीचा कानही तेच करत होता. 'अंगण' त्याच्या ओळखीचं होतं.

आमच्या बागेतलं फळही यातून सुटलं नाही. संस्कृत 'नारंग' फारसी-अरबीतून युरोपात गेलं. फ्रेंच-इटालियनमध्ये 'एक' अर्थाच्या आधीच्या शब्दानं त्याचा 'न' ओढून घेतला, आणि इंग्रजीत पोचलं ते 'ऑरेंज'. स्पेनमध्ये आजही 'नारांखा' म्हणतात. तिथं 'न' जागेवर आहे.