सोलापूर जिल्ह्यातला सांगोला म्हणजे कायमचा लाल बावटा, म्हणजेच शेतकरी कामगार पक्ष (शेकाप)? नाही.

‘सांगोल्यात शेकापशिवाय कुणी निवडूनच येत नाही, गणपतराव देशमुख कधी हरलेच नाहीत,’ असं आजही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. शेकापचे गणपतराव इथून 11 वेळा आमदार झाले, हा महाराष्ट्रातला विक्रम खराच. पण 1972 मध्ये ते हरले आणि 1995 मध्येही. 1995 ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना दोनशेहून कमी मतांनी हरवलं! 2019 मध्ये गणपतराव उभे नव्हते. तेव्हा शहाजीबापू शिवसेनेकडून निवडून आले, तेही हजाराच्या आतल्या फरकानं. 2024 ला जागा पुन्हा शेकापकडे आली. म्हणजे इथं विरोधी मत नेहमीच तगडं होतं. दुष्काळी तालुक्यातल्या या मतदाराला डोळे झाकून मत देणारा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.