टेन्स मशीन घरी वापरण्यापूर्वी

लातूरच्या आमच्या दुकानात टेन्स मशीन, म्हणजे दुखणे तात्पुरते कमी करण्यासाठीचे विजेचे छोटे यंत्र, पाहायला येणारे बहुतेक ग्राहक आधी एवढेच विचारतात, “शॉक तर बसणार नाही ना?” मशीन नीट वापरले तर तसा शॉक बसत नाही. ते छोट्या बॅटरीवर चालते आणि कातडीला चिकटवलेल्या पॅडमधून विजेचे अतिशय सूक्ष्म स्पंद नसांपर्यंत पोहोचवते. त्यामुळे त्या जागी मुंग्या आल्यासारखे वाटते. ठेच लागल्यावर आपला हात आपोआप बोट चोळू लागतो आणि कळ थोडी ओसरते, कारण स्पर्शाची जाणीव नेणाऱ्या नसा जाग्या झाल्या की वेदनेचा निरोप मज्जारज्जूतच काहीसा अडवला जातो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या या विचारावरच टेन्सची कल्पना उभी आहे.

हे मशीन दुखणे बरे करत नाही, हे विक्रेते असूनही आम्ही आधीच सांगतो. झिजलेला गुडघा किंवा सरकलेली गादी त्याने पूर्ववत होत नाही. सर्वांना सारखा गुणही येत नाही. कोणते उपचार द्यावेत याच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये, असेच म्हटले आहे. तरीही काहींना त्याने तात्पुरता उतार पडतो, आणि वाकून कापूस वेचण्यात किंवा ऊसतोडीत कंबर धरलेल्या माणसाला तेवढ्या वेळात चालता आले, फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम करता आले, तर तो उतार कामाचा ठरतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टकडे एक-दोनदा लावून पाहावे, असे आमचे मत आहे. मधुमेह किंवा संधिवात बरा करण्याची हमी देऊन कोणी असे यंत्र विकत असेल, तर तेथे पैसे घालू नयेत.

ज्यांना पेसमेकर किंवा हृदयात बसवलेले अन्य विद्युत उपकरण आहे, त्यांना आम्ही हे मशीन देत नाही. गरोदर स्त्रिया, फेफऱ्याचे रुग्ण, कर्करोगाचे रुग्ण आणि पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेले रुग्ण यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते वापरू नये. मानेच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांवर, छातीवर आणि जखमेवर पॅड कधीही लावू नयेत. मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेल्यांनी विशेष जपावे, कारण जेथे स्पर्शच कळत नाही, तेथे विजेचा जोर जास्त झाल्याचेही कळत नाही आणि कातडी भाजू शकते.

लावण्याची जागा साबणाने धुऊन कोरडी करावी. तेल किंवा बाम चोळलेला असल्यास पॅड नीट चिकटत नाही. मशीन बंद ठेवून दोन्ही पॅड दुखऱ्या भागाच्या दोन बाजूंना, एकमेकांना न चिकटतील असे लावावेत, आणि मग जोर हळूहळू वाढवावा. मुंग्या जोरदार पण सोसवतील अशा असाव्यात. दुखू लागले तर जोर कमी करावा. ८० ते १०० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला तितके स्पंद) आराम लवकर मिळतो, पण मशीन बंद केल्यावर तो बहुधा फार टिकत नाही. २ ते ४ हर्ट्झवर स्नायू ठकठक उडतो आणि आराम उशिरा येतो, मात्र काहींना तो अधिक काळ टिकल्याचे जाणवते. सुरुवात अर्ध्या तासाने करावी. रोज एकाच मापावर ठेवल्यास काही दिवसांनी परिणाम कमी भासू लागतो, तेव्हा माप बदलून पाहावे. झोपेत, अंघोळ करताना, मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवताना मशीन लावू नये.

पायातील ताकद कमी होणे, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, तापासह पाठ दुखणे किंवा छातीत दुखणे ही लक्षणे असल्यास मशीन न लावता ताबडतोब दवाखाना गाठावा.

चिकट पॅड साधारण २० ते ३० वेळा वापरता येतात. वापरानंतर ते मूळ प्लास्टिकवर चिकटवून पिशवीत बंद करावेत आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत उघडे ठेवू नयेत, कारण तेथे त्यांचा जेल वाळतो. वाळलेला पॅड सगळीकडे सारखा टेकत नाही आणि एकाच ठिकाणी टोचतो. नवे पॅड घ्यायला येताना मशीन व वायरही सोबत आणावी. वायर आतून तुटल्याने मुंग्या मध्येच थांबत असतील, तर तेथेच तपासून सांगता येते.