मायग्रंट मदर (छायाचित्र)

मायग्रंट मदर : (स्थलांतरित माता). अमेरिकेतील महामंदीच्या काळात डोरोथिया लँग (१८९५–१९६५) यांनी कॅलिफोर्निया राज्यातील निपोमो येथे, वाटाणातोडीच्या मजुरांच्या तळावर १९३६ मध्ये टिपलेले कृष्णधवल छायाचित्र. बेघर व दरिद्री माणसांची जी जुनी छायाचित्रे आज चौकटीत बसवून घराच्या वा उपाहारगृहाच्या भिंतीवर लावली जातात, त्यांतील हे बहुधा सर्वांत परिचित. हनुवटीला हात लावून दूर पाहणारी आई, तिच्या दोन्ही खांद्यांवर पाठमोरी डोकी टेकलेली दोन मुले आणि मांडीवर तान्हे मूल अशी त्याची रचना आहे. ‘मायग्रंट मदर’ हे नाव मागाहून रूढ झाले. मूळ सरकारी नोंदीत कॅलिफोर्नियातील निष्कांचन वाटाणा-मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस, एवढेच वर्णन आहे.

लँग त्या वेळी गरीब शेतकऱ्यांना मदत करणाऱ्या ‘पुनर्वसन प्रशासन’ या केंद्रीय सरकारी संस्थेच्या (१९३७ पासून फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन) पगारी छायाचित्रकार होत्या. छायाचित्रांचा हा विभाग रॉय स्ट्रायकर यांच्याकडे होता. थंडी-पावसाने वाटाण्याचे पीक गेले होते आणि मजुरांच्या हाताला काम नव्हते. ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नोंदीत चित्राची तारीख ‘फेब्रुवारी किंवा मार्च १९३६’ अशी मोघम आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकाने तळावरील उपासमारीची बातमी याच भेटीतील छायाचित्रांसह १० मार्चला छापली. त्यामुळे त्यापूर्वीचे काही दिवस धरणे सयुक्तिक दिसते. बातमीनंतर सुमारे २०,००० पौंड अन्नधान्य तळावर पोचले. चित्रातील कुटुंब मात्र तोवर पुढे निघून गेले होते.

एकूण किती चित्रे घेतली, याविषयी एकवाक्यता नाही. लँग यांनी १९६० मध्ये लिहिलेल्या आठवणीत पाच सांगितली आहेत आणि ग्रंथालयाच्या संग्रहातही पाचच आहेत. तथापि सहावेही उपलब्ध आहे. इतिहासकार जेम्स कर्टिस यांनी लावलेल्या क्रमानुसार लँग दुरून जवळ येत गेल्या. तंबू, सामान आणि कुटुंबातील मोठी मुलगी एकेक करून चौकटीबाहेर गेली व शेवटी हे चित्र उरले. हा क्रम तर्कावर आधारलेला असला, तरी चित्रांच्या अंतर्गत पुराव्याशी जुळतो. लँग त्यापूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ चालवीत, त्यामुळे चौकट जुळवीत नेण्याची त्यांना सवय असणार, हेही येथे विसरता येत नाही.

संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील अंगठ्याचा. तंबूचा खांब धरणाऱ्या हाताचा अंगठा मूळ चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात अस्पष्टसा आला होता. लँग यांना तो खटकला आणि १९३९ च्या सुमारास त्यांनी निगेटिव्हवरच तो पुसून घेतला. दस्तऐवजात ढवळाढवळ झाली म्हणून स्ट्रायकर नाराज झाले. अंगठा स्पष्ट असेल तर प्रत त्यापूर्वीच्या अवस्थेवरून निघालेली, असे साधारणतः मानतात. पुसलेल्या प्रतीतही बारकाईने पाहिल्यास त्या जागी पुसट डाग जाणवतो. लिलावाच्या व्यवहारात ‘विंटेज प्रिंट’ म्हणजे निगेटिव्ह तयार झाल्यावर थोड्याच काळात छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली प्रत. ‘थोडा काळ’ म्हणजे नेमका किती, यावर मतभेद आहेत. लँग यांच्या हस्ताक्षरातील टिपा व स्वाक्षरी असलेली एक प्रत १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात २,४४,५०० डॉलरना गेली. सजावटीच्या दुकानात ‘विंटेज’चा अर्थ जुनाट दिसणारे एवढाच उरतो. तेथील तपकिरी छटेचा मूळ चित्राशी संबंध नाही. मूळ प्रती काळ्या-पांढऱ्या जेलेटिन-सिल्व्हर (चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या) कागदावरच्या आहेत.

चित्रातील स्त्रीचे नाव लँग यांनी विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन (१९०३–८३) ही तिची ओळख १९७८ मध्ये मॉडेस्टो येथील एका वार्ताहरामुळे पुढे आली. ती जन्माने चेरोकी (अमेरिकेतील एक मूलनिवासी जमात) होती आणि १९२० च्या दशकातच कॅलिफोर्नियात आली होती. त्यामुळे १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांनी शेतीवरून उठवलेली गोरी शेतकरीण हा चित्राचा रुळलेला अर्थ तिला लागू पडत नाही. कुटुंबाने अन्नासाठी मोटारीचे टायर विकले, हे लँग यांचे म्हणणेही कुटुंबीयांनी नाकारले. त्यांच्या सांगण्यानुसार मोटार बिघडल्याने ते थांबले होते, टायर तिलाच होते. चोवीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणीपेक्षा येथे कुटुंबाचे कथन अधिक विश्वसनीय वाटते. या चित्रातून आपल्याला एक पैही मिळाली नाही, ही थॉम्पसन यांची तक्रार होती. सरकारी काम असल्याने चित्र प्रताधिकारमुक्त आहे, त्यामुळे लँग यांनाही त्यावर मानधनाचा हक्क नव्हता. १९८३ मधील आजारपणात कुटुंबाने केलेल्या आवाहनानंतर मात्र ३५,००० डॉलरहून अधिक मदत जमा झाली.

१९९८ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने हे चित्र ३२ सेंटच्या तिकिटावर घेतले. हयात व्यक्ती तिकिटावर न घेण्याचा तेथील प्रघात होता, पण चित्रातील दोन मुली तेव्हा हयात होत्या.

प्रताधिकार नसल्याने कॅनव्हास, पोस्टर वा धातूच्या पत्र्यावर ते कोणीही छापू शकतो. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून अंगठा असलेले व पुसलेले अशी दोन्ही रूपे विनामूल्य उतरवून घेता येतात. बाजारातील छपाई बहुधा दुसऱ्यावरून होते.