नसबंदीपूर्वी एक वेत हवेच का?

कुत्रीला किंवा मांजरीला नसबंदीपूर्वी एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, म्हणजे तिची प्रकृती चांगली राहते, हा समज वर्षानुवर्षे चालत आला असला तरी त्याला वैद्यकीय आधार नाही. उलट, पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीला स्तनांच्या गाठींचा धोका पुष्कळच कमी राहतो आणि गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. नेमके वय मात्र जात व आकारमान पाहून पशुवैद्यकानेच ठरवावे. मांजरीच्या बाबतीत तर विलंब अधिकच महागात पडतो, कारण ती अवघ्या 4 महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते, गर्भकाळ जेमतेम 9 आठवड्यांचा असतो आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. म्हणूनच अनेक निवारा केंद्रे प्राणी दत्तक देण्यापूर्वीच नसबंदी उरकून घेतात.