बांधकाम खर्चनियंत्रण

इमारतीचे मंजूर अंदाजपत्रक, जागेवर झालेले काम आणि त्यासाठी खर्ची पडलेला पैसा या तिन्हींचा बांधकाम चालू असतानाच वारंवार मेळ घालणे, आणि तफावत दिसताच उरलेल्या कामाचा खर्च आवरणे, या पद्धतीला बांधकाम खर्चनियंत्रण म्हणतात. यातला पहिला भाग देखरेखीचा, दुसरा नियंत्रणाचा. हे शब्द जोडीने येतात, तरी त्यांत मोठे अंतर आहे. ओतलेला स्लॅब पुन्हा मिक्सरमध्ये जात नाही आणि चुकते केलेले बिल सहसा परत येत नाही. त्यामुळे नियंत्रण चालते ते फक्त अजून न झालेल्या कामावर. महिनाअखेरीस खर्चाची वही चोख लिहिली म्हणून खर्च आटोक्यात राहिला असे होत नाही. ‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ या म्हणीत घर आणि लग्न शेजारी बसले आहेत ते उगाच नाही. दोन्हीकडे खर्च एकदम फुगत नाही, ‘एवढ्यात हेही करून घेऊ’ असे म्हणत म्हणत वाढत जातो.

अंदाजपत्रक : खर्च वाढला असे म्हणायचे तर तो कशापेक्षा वाढला हे आधी ठरलेले असावे लागते. सुरुवातीला चौरस फुटाच्या दराने ठोकळ अंदाज काढतात. नकाशे पक्के झाले की बाबवार अंदाजपत्रक करतात: खोदाई, पीसीसी (सळईविना साधे काँक्रीट), आरसीसी (सळई घातलेले काँक्रीट), वीटकाम, गिलावा, फरशी, रंगकाम अशा प्रत्येक बाबीचे परिमाण काढून त्याला दराने गुणायचे. दर कसा आला हे दर पृथक्करणातून कळते. एका घनमीटर काँक्रीटला सिमेंट किती, वाळू-खडी किती, गवंडी आणि बिगारी किती दिवस, सेंटरिंग किती, वाहतूक किती आणि कंत्राटदाराचा नफा किती, हे त्यात सुटे करून मांडलेले असते. महाराष्ट्रात सरकारी कामांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची हा आधार असतो. जुन्या सवयीने तिला सगळे ‘डीएसआर’च, म्हणजे जिल्हा दरसूचीच, म्हणतात. अंदाजपत्रकाला आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मंजुरी, त्यानंतर निविदा, असा क्रम आहे. बी-१ निविदेत कंत्राटदार अंदाजित रकमेवर एकच टक्केवारी कमी-जास्त देतो. बी-२ मध्ये बाबवार दर भरतो. काम मंजूर रकमेबाहेर जाऊ लागले तर ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, घ्यावी लागते.

खर्चाचा फार मोठा भाग मात्र कुदळ पडण्याआधी कागदावरच ठरून जातो. १०० चौरस मीटरचा मजला १० बाय १० चा केला तर बाहेरची भिंत ४० मीटर भरते. तोच मजला ५ बाय २० चा केला तर ५० मीटर. क्षेत्र तेवढेच राहते, पण भिंत, गिलावा आणि बाहेरचा रंग पाव पटीने वाढतो. खांबांमधले अंतर, मजल्याची उंची, खिडक्यांचे आकार यांचेही तसेच. १९५१ साली ब्रिटनच्या शिक्षण मंत्रालयाने शाळांच्या इमारतींसाठी खर्चाची जी पद्धत प्रसिद्ध केली तिचे मर्म हेच होते. तोवर वास्तुरचनाकार नकाशा काढायचा आणि मग त्याची किंमत काढली जायची. या पद्धतीने क्रम उलटा केला: पाया, सांगाडा, छप्पर, दारे-खिडक्या अशा प्रत्येक घटकाला पैशाचा वाटा आधी नेमून द्यायचा आणि रचना त्या वाट्यात बसवायची. एखादा घटक वाटा ओलांडू लागला तर दुसऱ्यातून काढायचे किंवा रचनाच बदलायची. हे सगळे खोडरबराने होण्याजोगे असते तेव्हाच करायचे.

हा क्रम मोडला की काय होते याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातले सिडनी ऑपेरा हाऊस. १९५७ मध्ये डॅनिश वास्तुरचनाकार यॉर्न उट्झोन यांचा आराखडा निवडला गेला. अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा आणि इमारत १९६३ च्या सुरुवातीला पुरी व्हायची होती. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याचे सरकारप्रमुख जोसेफ केहिल यांना काम लवकर सुरू झालेले हवे होते, कारण लोकमत आणि पैसा दोन्ही पाठीशी राहतील याची खात्री नव्हती. म्हणून मार्च १९५९ मध्ये चौथऱ्याचे काम सुरू झाले. त्या वेळी वरच्या छताच्या शिंपल्यांचा भौमितिक आकारच निश्चित नव्हता. सगळे शिंपले एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापायचे हा तोडगा १९६१ च्या सुमारास निघाला. छताचा भार कळला तेव्हा चौथऱ्यातले आधीच उभे केलेले खांब अपुरे ठरले आणि ते नव्याने करावे लागले. १९६६ मध्ये उट्झोन काम सोडून गेले. इमारत १९७३ मध्ये खुली झाली तेव्हा खर्च १० कोटी २० लाख डॉलरवर पोहोचला होता, म्हणजे अंदाजाच्या चौदा पटींहून अधिक. यात हिशेबनिसाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. वर काय बसणार हे ठाऊक नसताना खाली खांब उभे केले, तिथेच अंदाजपत्रकाचा आधार निखळला. जी इमारत आज त्या शहराची ओळख आहे, तिच्या सौंदर्याला या इतिहासाने बाध येत नाही. पण खर्चाच्या बाबतीत तो विसरण्यासारखाही नाही.

मोजमाप : काम चालू झाल्यावर सारे नियंत्रण एका गोष्टीवर उभे असते: झालेल्या कामाची प्रामाणिक मोजणी. भारतात सार्वजनिक बांधकाम खाते १८५४ च्या सुमारास लॉर्ड डलहौसीच्या काळात स्थापन झाले. त्या परंपरेतून आलेली मोजमाप पुस्तिका, साईटच्या भाषेत ‘एमबी’, आजही सरकारी बिलांचा पाया आहे. नग, लांबी, रुंदी, उंची आणि परिमाण असे तिचे रकाने. पानांना छापील क्रमांक, नोंद शाईने, खाडाखोड मना. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही. शाखा अभियंता मोजतो, उपअभियंता त्यातली काही मोजमापे जागेवर पुन्हा तपासतो, मग चालू देयक, म्हणजे तोवर झालेल्या कामाचे बिल, निघते. पाया, सळई, जमिनीखालचे पाइप ही झाकली जाणारी कामे झाकण्याआधीच मोजावी लागतात. काँक्रीट पडल्यावर आतली सळई मोजण्याचा सोपा मार्ग नसतो, आणि बरेचसे वाद नेमके इथेच उभे राहतात.

मोजायचे कसे याचेही नियम ठरलेले आहेत. भारतीय मानक आयएस १२०० नुसार गिलावा मोजताना ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या पोकळीची वजावट करत नाहीत, ०.५ ते ३ चौरस मीटरच्या पोकळीसाठी भिंतीच्या एकाच बाजूची वजावट होते. त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजू वजा करून दारा-खिडकीच्या कडांचा गिलावा वेगळा मिळवतात. हे वाचायला किचकट वाटते. पण खासगी घराच्या कंत्राटात यातले काहीच लिहिलेले नसते, आणि मग खिडक्या धरायच्या की वगळायच्या यावरून शेवटच्या बिलाला भांडण होते. करारात ‘मोजमाप आयएस १२०० प्रमाणे’ एवढी एक ओळ टाकली तरी पुष्कळ कटकट वाचते.

मालाचा ताळमेळ : झालेल्या कामाला कागदोपत्री किती माल लागायला हवा आणि भांडारातून प्रत्यक्ष किती गेला, यांची तुलना म्हणजे ताळमेळ. पैशाच्या हिशेबापेक्षा तो लवकर बोलतो.

१ : १.५ : ३ (सिमेंट : वाळू : खडी) प्रमाणाच्या एका घनमीटर काँक्रीटला ५० किलोच्या सुमारे ८ गोण्या सिमेंट लागते. वहीत दहा दिसत असतील तर प्रमाण चुकते आहे, नासाडी होते आहे, किंवा गोण्या दुसरीकडे जात आहेत. उलट, सहाच दिसत असतील तर ती बचत समजून खूश होऊ नये, ते जास्त घातक आहे. गिलाव्यात सिमेंट फार गुपचूप संपते. अंदाजपत्रकात १२ मिलिमीटर जाडी धरलेली असते. भिंत ओळंब्यात नसली की ती सरळ दाखवण्यासाठी गवंडी २० मिलिमीटर भरतो. १,००० चौरस मीटर भिंतीला १२ घनमीटरऐवजी २० घनमीटर मसाला लागतो आणि कंत्राट मजुरीपुरतेच असेल तर हा भुर्दंड घरमालकाचा. याचे मूळ गिलाव्यात नसून दोन महिन्यांपूर्वीच्या वीटकामात असते. म्हणून वीटकाम चालू असताना ओळंबा लावून पाहणे ही खर्चनियंत्रणाचीच कृती आहे, हे फार कमी जणांच्या ध्यानात येते.

सळईचे वजन काढण्याचे सूत्र साईटवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ असते: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचे किलो. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो, १६ ची १.५८ किलो. खरेदी मात्र काट्यावरच्या वजनाने होते आणि वापर लांबीने. आयएस १७८६ या सळईच्या मानकात वजनाला सूट आहे: १० मिलिमीटरपर्यंत ७ टक्के, १६ पर्यंत ५ टक्के, त्यापुढे ३ टक्के, कमी किंवा जास्त. सळई जाड बाजूला झुकलेली आली तर एका टनात कमी मीटर मिळतात. यावर उपाय साधा आहे: प्रत्येक गाडीतले काही तुकडे मीटरभर मोजून तोलायचे. दुसरी गळती कापण्यात. सळई साधारण १२ मीटरची येते. ५ मीटरचे तुकडे लागणार असतील तर एका सळईतून दोन निघून २ मीटर उरतात, म्हणजे सहावा हिस्सा भंगारात. त्याच मजल्यावर ७ मीटरचे तुकडेही लागणार आहेत हे आधी पाहिले, तर ५ आणि ७ जुळवून काहीच उरत नाही. सळईकामाची यादी, म्हणजे बीबीएस, हातात असल्याशिवाय कटिंगला सुरुवात करू देऊ नये, असे अनुभवी अभियंते सांगतात ते यासाठी.

वाळू आणि खडी आजही ब्रासने घेतली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. वाळू थोडी ओलसर असली की फुगते. चार-पाच टक्के ओलाव्याला फुगवटा पाव भागाच्या आसपास जाऊ शकतो, त्यामुळे ट्रक भरलेला दिसला तरी आत वाळू कमी असते. तयार काँक्रीटच्या ६ घनमीटर गाडीतला माल घनमीटरला सुमारे २,४०० किलो धरला तर १४ टनांच्या वर भरायला हवा. वजनकाट्याची पावती गाडीच्या डिलिव्हरी चलनाला जोडली की शंका राहत नाही. आणि सगळे बरोबर असूनही स्लॅब जाड पडू शकतो. ३०० चौरस मीटरचा १२५ मिलिमीटरचा स्लॅब १३५ चा झाला तर ३ घनमीटर काँक्रीट जादा गेले, शिवाय तुळयांवर नको तो भार आला.

अर्जित मूल्य : मोठ्या प्रकल्पात शेकडो बाबी एकदम चालू असतात. त्यांची स्थिती एका नजरेत कळावी म्हणून अर्जित मूल्याची, म्हणजे झालेल्या कामाच्या अंदाजपत्रकी दराने येणाऱ्या किमतीची, पद्धत वापरतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये ३५ निकषांच्या रूपाने ती आपल्या कंत्राटदारांना लागू केली. पुढे ती बांधकामातही रुळली. समजा, २ कोटींची इमारत आहे आणि वेळापत्रकाप्रमाणे मार्चअखेर ८० लाखांचे काम व्हायला हवे होते. मोजल्यावर अंदाजपत्रकी दराने ६० लाखांचेच काम भरले, आणि खर्च झाला ७५ लाख. नुसता खर्च नियोजनाशी ताडला तर ५ लाख वाचल्यासारखे वाटते. खरे चित्र असे की काम २० लाखांनी मागे आहे आणि जेवढे झाले तेही १५ लाखांनी महाग पडले. हाच वेग राहिला तर २ कोटींची इमारत अडीच कोटींवर जाईल. पद्धत गणिताने सोपी आहे. अडते ते ६० लाख या आकड्यावर. तो मोजमाप पुस्तिकेतून आला तर उपयोगाचा. ‘साधारण तीस टक्के झाले असेल’ अशा बोलण्यातून आला तर पुढचे सगळे आलेख वाया जातात.

जादा काम आणि भाववाढ : परिमाणे वाढली तर काय, हे करारातच असावे लागते. महाराष्ट्रातल्या सरकारी निविदांत कलम ३८ प्रसिद्ध आहे: एखाद्या बाबीचे परिमाण निविदेतल्या आकड्याच्या १२५ टक्क्यांपर्यंत गेले तर ते निविदेच्या दरानेच करावे लागते, त्यापलीकडच्या परिमाणाला वेगळा दर लागू होतो. निविदेत नसलेले काम निघाले की ‘अतिरिक्त बाब’ म्हणून तिचे दर पृथक्करण मंजूर करून घ्यायचे. दर ठरवून मग काम करणे हा नियम. प्रत्यक्षात घाईत काम आधी होते आणि दर नंतर मागितला जातो, तेव्हा मालकाच्या हाती वाटाघाटीला काही उरत नाही. न्हाणीघराची जागा बदलायची असेल तर ती नकाशात एका रेघेने बदलते; स्लॅब पडल्यावर बदलायची तर तोडफोड, जलरोधन, नळकाम सगळे नव्याने. भाववाढ मात्र कोणाच्याच हातात नसते. २०२१-२२ मध्ये पोलादाचे भाव असे चढले की मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्यातीवर शुल्क बसवले. अशा वेळी निर्देशांकाशी जोडलेले भाववाढ कलम नसेल तर कंत्राटदार एक तर काम थांबवतो, नाही तर दर्जात कपात करतो.

खासगी घरे आणि रेरा : स्वतःचे घर बांधणाऱ्यांत जोते, स्लॅब, वीटकाम, गिलावा अशा टप्प्यांनी हप्ते देण्याची रीत आहे. यातला धोका टप्प्यांच्या वाटणीत असतो. सांगाडा उभा राहिला की घर बहुतेक झालेच असे वाटते आणि तोवर जास्त पैसे दिले जातात. मागे राहतात फरशी, नळकाम, वीज, दारे-खिडक्या, रंग ही महागडी आणि वेळखाऊ कामे. कंत्राटदाराकडे झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे गेले असतील तर त्याला परत यायचे कारण उरत नाही. म्हणून प्रत्येक हप्त्याला त्या दिवशी उरलेल्या कामाची किंमत काढून ती हातातल्या रकमेशी ताडावी, आणि काही रक्कम काम संपून एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. गच्चीची खरी परीक्षा पावसातच होते.

सदनिकांच्या प्रकल्पांत २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास), कायद्याने हाच विचार सक्तीचा केला. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते, ती जमीन आणि बांधकाम यांवरच खर्च करता येते आणि काम जितके पुरे झाले त्या प्रमाणातच काढता येते. त्यासाठी अभियंता, वास्तुरचनाकार आणि सनदी लेखापाल या तिघांची प्रमाणपत्रे लागतात. महाराष्ट्रात मे २०१७ पासून या कायद्याचे काम पाहणाऱ्या महारेरा या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची प्रगती वेळोवेळी भरावी लागते, आणि घर घेणाऱ्याला ती नोंदणी क्रमांक टाकून पाहता येते.