लाकडी पिंपं: क्लोरीन कसा गेला, ओझोन कसा आला

जंतू मारायला वाइनच्या रिकाम्या पिंपात गंधक जाळायची रीत फार जुनी. जर्मन मुलखात १४८७ च्या फर्मानाने तिला मुभा मिळाल्याचं सांगतात. पुढे डच व्यापाऱ्यांनी गंधकाच्या वाती फ्रान्समधल्या बोर्दोत रुजवल्या. पिंपं कशाने स्वच्छ करावीत यावर आज जो वाद चालतो तो मात्र गेल्या चाळीसेक वर्षांतला आहे आणि त्याचा मोठा भाग कॅलिफोर्नियात घडला.

स्टीलच्या टाक्यांना क्लोरीनयुक्त धुलाई पावडर चालते, मग पिंपांना का नाही, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता. पावडर स्वस्त, जंतू मरत, पिंप उजळ दिसे. पण ओकच्या लाकडात फिनॉल असतात. क्लोरीनशी संयोग होऊन त्यांचे क्लोरोफिनॉल बनतात आणि तळघरातल्या दमट हवेतली बुरशी त्यांचं रूपांतर टीसीए या संयुगात करते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम टीसीए असला तरी वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्विस संशोधकांनी हा रेणू ओळखला तो बाटलीच्या बुचाच्या संदर्भात. त्यामुळे बराच काळ खापर बुचावरच फुटत राहिलं, आणि वाइनरींनाही ते सोयीचंच होतं. २००२-०३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या नापा आणि सोनोमा भागांतल्या दोन नावाजलेल्या वाइनरींमध्ये खुद्द तळघरच बाधित असल्याचं उघड झालं, तेव्हा कुठे बुचाच्या आड लपणं अवघड झालं. क्लोरीन गेला तो असा, स्वतःच्याच उपद्रवामुळे.

त्याच सुमारास ओझोन या जंतुनाशक वायूचा मार्ग मोकळा झाला होता. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी तो अन्नप्रक्रियेसाठी सुरक्षित ठरवला, २००१ मध्ये सरकारी मंजुरी आली. तो थंड पाण्यात विरघळवता येतो, काम झालं की त्याचा ऑक्सिजन होतो, मागे काही उरत नाही. विक्रेत्यांना आणखी काय हवं होतं? काही ठिकाणी पिंप 'निर्जंतुक' होतं असंही सांगितलं गेलं. हा दावा टिकणारा नव्हता. घोड्याच्या खोगिरासारखा वास आणणारं ब्रेटॅनोमायसिस यीस्ट फळीत सुमारे ८ मिलिमीटर खोलवर सापडतं. ओझोन पृष्ठभागावरच्या सेंद्रिय पदार्थांशी झुंजण्यातच संपतो. आतून टार्टारचा, म्हणजे वाइनमधून साचलेल्या क्षारांचा थर खरवडून निघालेला नसेल, तर ओझोन लाकडापर्यंत पोचतही नाही. ओझोन निरुपयोगी आहे असं नव्हे. धुतलेल्या पिंपावर शेवटचा हात म्हणून तो चांगला. पण बंद खोलीत वापरताना माणसांच्या फुप्फुसांची काळजी घ्यावी लागते: अमेरिकेत आठ तासांसाठी मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांत ०.१ भाग इतकीच आहे.

खोलवर पोचते ती उष्णता. गरम पाण्याने पिंप भरून ठेवायचं, किंवा वाफ सोडायची. कॅलिफोर्नियातल्या २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात पाण्याचा हिशेब कडक झाल्यावर वाफेकडे ओढा वाढला. तिचा एक जादा फायदा असा, की वाफ भरून तोंड बंद केलं की थंड होताना आत पोकळी तयार होते आणि फळ्यांचा सांधा कुठे सुटलाय ते कळतं.

गंधक मात्र हटलेला नाही. पिंप महिनोन्महिने रिकामं ठेवायचं तर वाइनचं व्हिनेगर करणाऱ्या अ‍ॅसेटिक बॅक्टेरियांना रोखायला अजून तोच जाळतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा. मात्र न जळलेला थेंब तळाशी पडला आणि त्याच पिंपात रस आंबवायला घातला, तर यीस्ट त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतं, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. म्हणून वातीखाली छोटी वाटी टांगतात.