आयन-रेणू अभिक्रिया (वायुरूप) : वस्तुमान आणि वर्णपट

वायुरूप अवस्थेत विद्युतभारित आयन आणि उदासीन (विद्युतभार नसलेले) रेणू एकमेकांजवळ आले की काय घडते, याचा मास स्पेक्ट्रोमीटर (आयनांचे वस्तुमान मोजणारे यंत्र) व वर्णपटविज्ञान (शोषलेल्या वा सोडलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखण्याचे शास्त्र) यांच्या जोडीने केला जाणारा अभ्यास. द्रावणात आयनाभोवती द्रावकाच्या रेणूंचा गराडा पडतो आणि त्याचा मूळ स्वभाव झाकला जातो. निर्वातात तो एकटा सापडतो.

आयनाच्या विद्युतभारामुळे जवळच्या रेणूतील इलेक्ट्रॉन किंचित सरकतात आणि रेणू त्याच्याकडे ओढला जातो. पॉल लांजव्हँ यांनी १९०५ मध्ये या आकर्षणाचे गणित मांडले. त्यानुसार अशा अभिक्रियांचा दरस्थिरांक, म्हणजे वेग दाखवणारा आकडा, सेकंदाला सुमारे एक अब्जांश घन सेंटीमीटर इतका मोठा येतो. पुष्कळ अभिक्रियांना सुरुवातीला उष्णता द्यावी लागत नाही. म्हणून १० केल्व्हिन तापमानाच्या आंतरतारकीय मेघांतही (ताऱ्यांमधल्या जागेतील वायू-धुळीच्या ढगांतही) त्या चालू राहतात.

इंदूरच्या सराफ्यात दागिना काट्यावर ठेवला की वजन कळते. सोन्याचा कस मात्र कसोटीच्या दगडावर रेघ ओढल्याशिवाय कळत नाही. मास स्पेक्ट्रोमीटर हा काटा आहे. तो आयनाचे वस्तुमान आणि विद्युतभार यांचे गुणोत्तर देतो, अणूंची मांडणी सांगत नाही. ती सांगणारी कसोटी म्हणजे वर्णपट. वस्तुमान २९ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. एचसीओ⁺, त्याच अणूंचा उलट क्रमाचा एचओसी⁺ आणि नायट्रोजनचा एन₂एच⁺ हे तिन्ही आयन साध्या काट्यावर एकाच जागी दिसतात.

या २९ ची कथा आकाशात सुरू झाली. १९७० मध्ये ब्यूल आणि स्नायडर या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांना अवकाशातून ८९.१९ गिगाहर्ट्झवर एक अनोळखी रेडिओ रेषा मिळाली. ती एचसीओ⁺ ची असावी, असे विल्यम क्लेम्परर यांनी सुचवले. पुरावा मिळायला १९७५ उजाडले : क्लॉड वुड्स आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत विद्युत विसर्जनात (वायूतून वीज सोडून) हा आयन तयार करून तीच रेषा मोजली. मेघांत तो मुख्यतः तीन हायड्रोजनांचा एच₃⁺ आयन कार्बन मोनॉक्साइडला प्रोटॉन देतो तेव्हा बनतो.

पुढे काटा आणि कसोटी एकाच यंत्रात आले. आयन थंड सापळ्यात धरायचे, त्यांना हेलियमचा अणू सैल चिकटवायचा आणि त्यांच्यावर लेसर सोडायचा. योग्य तरंगलांबी शोषली गेली की हेलियम सुटतो. हेलियमचे वस्तुमान ४; म्हणून ७२४ चा आयन ७२० चा झाला, की सी₆₀⁺ ने (साठ कार्बन अणूंच्या आयनाने) प्रकाश घेतला, हे काट्यावरच कळते. ही युक्ती विलक्षण देखणी आहे. याच मार्गाने २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या जॉन मायर यांच्या गटाने अवकाशातील दोन शोषण पट्टे सी₆₀⁺ चेच असल्याचे दाखवले.

प्रकाशाची बाजू इंदूरकरांच्या घराजवळच आहे. होळकरांच्या सुखनिवास परिसरातील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून 'कॅट' (सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी या जुन्या नावाचे लघुरूप) आहे. तेथील इंडस-१ हा भारताचा पहिला सिंक्रोट्रॉन, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून प्रकाश मिळवणारे यंत्र. त्यात ४५० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि निर्वात-अतिनील प्रकाश देतात. पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे १२.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात; तेवढी ऊर्जा याच पट्ट्यातल्या एका फोटॉनमध्ये असते. या सिंक्रोट्रॉनच्या फोटोफिजिक्स बीमलाइनवर (प्रकाश प्रयोगापर्यंत नेणाऱ्या वाहिनीवर) वायुरूप रेणूंचे शोषण वर्णपट नोंदले जातात.